दिवाणमास्तराचा दगड

दगडातलं भोक पूर्ण गोल नव्हतं. वरून पाहिलं तर गोल वाटायचं, पण बोट आत घालून कडेनं फिरवलं की एका बाजूला खाच लागायची, करंगळीचं टोक जेमतेम मावेल एवढी. खाचेच्या तळाशी तांबूस डाग होता. ओल्या कापसानं पुसून पाहिला, निघाला नाही. तो गंज होता. दगड आमच्याकडचा नेहमीचा काळा बसाल्ट, पण तो असा एकाच जागी ठिपक्यासारखा गंजत नाही. म्हणजे या भोकात कधीतरी लोखंडाचं काहीतरी बसवलं जात होतं आणि त्या लोखंडाला एका बाजूला बाहेर आलेला कान होता.

मी उकिडवी बसले होते ती तशीच मागं टेकले. मे महिन्यातलं सकाळचं ऊन पाठीवर चढत होतं. मला एकदम पळत घरी जावंसं वाटलं आणि कुणाला काय सांगावं हेही कळेना.

मी वसमतला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माहेर माळसोंडी, औंढ्यापासून जवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडिलांकडे येते. शाळेसमोरचा हा दगड लहानपणापासून पाहिलेला. खाटेएवढा लांब, जमिनीत सपाट बसवलेला, मधोमध नव्हे तर एका टोकाकडे भोक. गावातली बहुतेक माणसं म्हणायची, दीपमाळेची बैठक असेल. आमच्या घरात मात्र त्याचं नाव 'आज्याचा दगड' होतं, आणि ते नाव कुणी प्रेमानं घेत नसे.

माळसोंडीतून मोठा झालेला माणूस एकच, विनायक शामराज. उत्तरेकडच्या एका संस्थानात बालराजाला शिकवायला गेले, राजा मोठा होऊन गादीवर बसला तेव्हा त्याचे दिवाण झाले आणि म्हातारपणी निजामाच्या राज्यातल्या आपल्या गावी परत आले. गाव त्यांना दिवाणमास्तर म्हणतं. त्या संस्थानात त्यांनी शाळा काढल्या असं काही लोक लिहितात, सारा वाढवून लोकांना पिळलं असं काही लिहितात. तिकडचं तिकडच्या लोकांनी ठरवावं. आमच्या गावातला वाद वेगळा होता.

माझे पणजोबा लिंबाजी गावचे येसकर. वेशीची राखण, दवंडी, सरकारी माणसापुढे वाट दाखवत पळणं, ही कामं त्यांच्याकडे. हातात घुंगरांची उंच काठी. माझे वडील पुंजाजी यांनी मला सांगितलेली गोष्ट अशी: "दिवाणमास्तरानं भर गावात माझ्या आज्याच्या हातातली काठी काढून घेतली, दगडात रोवली आन् आज्याला भर उन्हात तिच्यापाशी उभं केलं. सारं गाव बगून राहिलं व्हतं." शेषराव गुरुजींची गोष्ट अशी की दिवाणमास्तर उघड्यावर सगळ्या जातींच्या लेकरांना शिकवत, आणि अशा माणसाचं नाव शाळेला नसेल तर कुणाचं असावं? गुरुजी आमच्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गोष्टी दोन, दगड एक.

शाळा दहावीपर्यंत झाली, नवी इमारत उभी राहिली, दारावरचा फलक रंगवून तयार झाला. त्यावर फक्त नाव नव्हतं. सरपंच चंदाबाई बंजारा तांड्यावरच्या. त्यांनी ग्रामसभेत स्वच्छ सांगितलं होतं, "ज्यायच्या घराचा अपमान झाला म्हनतात, त्यायनं व्हय म्हनलं तर नाव लागंल. न्हाई म्हनलं तर लागनार न्हाई. पुंजाजीआबा, बोला." आबांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "सांगतो." त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. गावात त्यांचं नावच 'सांगतो आबा' पडलं होतं. एसटीचे ड्रायव्हर होते ते. शेषराव गुरुजी पारावरून ओरडायचे, "पुंजाजी, गाडी कवा सोडतू?" आबा उत्तर द्यायचे, "घंटी वाजल्याबिगर गाडी हालत न्हाई, गुरुजी. तुमी आदी तिकीट काढा."

विनोदाखाली काय होतं ते मला माहीत होतं. होकार दिला तर आज्याला दुसऱ्यांदा उन्हात उभं केल्यासारखं होणार. नकार दिला तर गावातली लेकरं बिननावाच्या शाळेत जाणार, आणि त्याचं कारण म्हणून आमच्या घराकडे बोट दाखवलं जाणार. आबांना रात्रीचं जेवण जाईनासं झालं होतं.

आणि आता घाई होती. शाळेच्या फाटकापुढे फरशी बसवायची होती आणि ठेकेदाराला तो दगड उचलायचा होता. चंदाबाईंनी त्याला फक्त शून्य सावलीच्या दिवसापर्यंत थांबवलं होतं, तेही माझ्या सांगण्यावरून. आमच्या भागात मे महिन्यात एक दुपार अशी येते की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. माळसोंडीला एक दिवस, तिकडे सेनगावकडच्या साखऱ्याला त्याच्या दुसऱ्या दिवशी. लेकरांना ते दाखवायचं म्हणून मी दगड घासत होते. चुना आणि मातीचा थर निघाला तसं भोक दिसलं, भोकापासून थेट उत्तरेला गेलेली सरळ रेघ दिसली, आणि रेघेच्या कडेनं कोरलेल्या बारीक खुणा. एक पान, एक चाक, बैलाचं शिंग, चौकटीतला गोल, अशा कितीतरी.

रेघ पाहिल्यावर कळलं, हे दीपमाळेचं काम नव्हतं. हे सावली मोजायचं यंत्र होतं. रोज भर दुपारी काठीची सावली या रेघेवर येते. हिवाळ्यात लांब, उन्हाळ्यात आखूड. तिचं टोक जिथं पडेल तिथं ज्या लेकराची पाळी त्यानं आपली खूण करायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून चित्रं. बालराजाला ज्यानं खगोल शिकवलं त्यानं तोच धडा माळसोंडीच्या धुळीत मांडला होता.

संध्याकाळी मी हे घरात सांगितलं. आई, म्हणजे जनकाबाई, भाकरी थापत होती. आबा दाराशी बसून ऐकत होते, पण तोंड अंगणाकडे.

"भोकाला खाच आहे," मी म्हणाले. "म्हणजे काठीच्या खालच्या टोकाला लोखंडी टोपण असणार आणि त्याला कान. येसकराच्या काठीला असं असायचं का, आबा?"

"मला काय माहीत? म्या पाहिली का ती? आमी येसकरकी सोडली तवाच बापूनं जाळली. साऱ्या वस्तीदेखत. बरं केलं." बापू म्हणजे आबांचे वडील, माझे आजोबा.

आईचा हात परातीत थांबला. मग परत चालू झाला. मग परत थांबला.

"न्हाई जाळली," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या बापूनं जाळलं ते वखराचं मोडकं रुमनं, निस्ता दांडा. आत्याबाईनं हातात दिलं, त्यायनं जाळलं. रागात मानूस बगते का, काय जाळून राहिला ते?"

आबा उठून उभे राहिले. "आन् काठी?"

आईनं पीठ लागलेल्या हातानं वर दाखवलं.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. आतल्या खोलीत, दोन दोरांना टांगलेली आमची वलणी. त्यावर आईची लुगडी, आबांचा टॉवेल, माझी ओढणी, एक जुनी गोधडी. मी जन्मल्यापासून त्या दांडीवर कपडे वाळत होते.

"आत्याबाई म्हनल्या, लाकूड चांगलं हाय, जाळायचं काहून? घुंगरं काढून टाकली आन् टांगली. मला म्हनल्या, माझ्या लेकाला सांगू नको, तो बी बापासारखाच तापट हाय."

"चाळीस वर्सं झाली आपल्या लग्नाला!"

"तुमी इचारलं का कवा, वलनी कशाची हाय म्हनून?"

मी हसत सुटले, मला आवरेना. मी कपडे भराभर ओढून खाली टाकत होते आणि आई ओरडत होती, "अगं धुतलेले हायती ते!" काठी खाली आली. गडद, तेलकट, भाल्यासारखी सरळ. एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. चिंधी सोडली. आत लोखंडी टोपण होतं आणि त्याला एका बाजूला कान होता.

मी आबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी उभी धरली, तिच्या टोकापर्यंत मान वर करून पाहिलं.

"माझा आजा असा उभा राहत असंल," ते म्हणाले. मग काठी भिंतीला टेकवली. "ही दगडापाशी जानार न्हाई. एकदा गेली तेवढं बास."

मी फक्त टोपणाला काजळी फासून त्याचा ठसा कागदावर घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच कागद कापून भोकावर ठेवला. कान खाचेत, कड कडेला. कुठंही केसाएवढं अंतर नाही. मी घरी पळत आले. वयाला शोभणारं नव्हतं, पण पळत आले.

"आबा, भोक त्या काठीच्याच मापानं कोरलंय. म्हणजे दिवाणमास्तरांनी रागाच्या भरात काठी हिसकली नाही. आधी माप घेतलं, पाथरवटाकडून दगड कोरून घेतला, मग काठी बसवली. त्यांना हीच काठी हवी होती. आणि धडा उन्हातच होतो, सावलीत होऊच शकत नाही. पणजोबा उन्हात होते, पण सगळीच लेकरं उन्हात होती."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा बशीत ओतला, प्याले नाहीत.

"माप घेतलं, ते ठीक. दगड कोरला, ते बी ठीक. पन सपना, माझ्या आज्याला इचारलं व्हतं का? का फकस्त, आन इकडं काठी?"

दगडावरून एवढंच कळत होतं की काय केलं. विचारून केलं की न विचारता, हे कुठल्याच मापानं मला काढता येणार नव्हतं. मी तसंच सांगितलं.

"मंग?" आबा म्हणाले. "तेच तर म्या तीन सालापासून इचारून राहिलो."

शून्य सावलीच्या दिवशी अकरापासूनच शाळेसमोर माणसं जमायला लागली. लेकरं, बाया, तांड्यावरून ट्रॅक्टरभर लोक. कुणी छत्र्या आणल्या होत्या, त्या मी मिटायला लावल्या. "सावली पाहायला आलो आन् सावलीत उभं राहू देईना ही बाई," असं कुणीतरी म्हणालं आणि मोठा हशा झाला. लेकरं बाटल्या, खराटे, पेन, जे हाताला लागेल ते उभं करून बघत होती. सावल्या पश्चिमेकडून आखूड होत होत्या. दक्षिणेला मात्र ढगाचं एक पांढरं पान सरकत येत होतं. आज हुकलं तर जुलैत सूर्य परत येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, आणि तोवर हा दगड फरशीखाली गेलेला असता.

शेषराव गुरुजींनी बांबू आणला होता. भोकात घातला तर तो दारू प्यायल्यासारखा डुलायला लागला. पाचर मारली, दुसऱ्या बाजूला कलला.

"गुरुजी, तुमचा दिवाणमास्तर वाकडाच उभा राहून राहिला," कडुलिंबाखालून आबांचा आवाज आला. ते आले होते. फक्त बघायला, असं घरून बजावून.

"मंग तू ये ना सरळ करायला! सांगतो आबा!"

लोक हसले. आबाही हसले, पण लगेच थांबले. मी घड्याळ पाहिलं. सव्वाबाराच्या जरा पुढं तो क्षण होता. बारा वाजून गेले होते. मी बांबू हातानं धरून ओळंबा लावत होते आणि घामानं हात निसटत होता. आदल्या दिवशी मी चंदाबाईंना काठीची आणि भोकाची गोष्ट सांगितली होती, आबांच्या प्रश्नासकट.

आता त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या मधून चालत कडुलिंबाखाली गेल्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "गावाची सरपंच म्हनून आले. तुमच्या घरची काठी मागून राहिले. या लेकरायसाठी, एवढ्या दुपारपुरती. देता का? न्हाई म्हनलं तरी चालते. कोनी तुमाला बोलनार न्हाई, मी बोलू देनार न्हाई."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. गुरुजींनी बांबू भोकातून काढून घेतला होता आणि तो खाली ठेवून उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"पुंजाजी," ते म्हणाले, "मी बी मागून राहिलो."

आबा वळले आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. चालता चालता पावलं वाढली. मग मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडिलांना पळताना पाहिलं. लेकरांनी एकच गिल्ला केला. "आबा पळाले! आबा पळाले!" ढग सूर्याच्या कडेला पोचला होता. मी दगडाकडे, ढगाकडे, घड्याळाकडे, गल्लीच्या तोंडाकडे, असं पाहत होते. घड्याळाचा काटा कधी इतक्या भराभर पळाला नव्हता.

ते आले तेव्हा काठी खांद्यावर होती आणि मागून आई, धापा टाकत, "अव्हो, हळू! छातीचं दुखनं हाय तुमाला!" म्हणत. लोकांनी वाट दिली. आबांनी काठी कुणाच्याही हातात दिली नाही. स्वतः वाकले, कान खाचेसमोर आणला, दाबला. बारीक आवाज झाला, कडी बसल्यासारखा. हात सोडला. काठी हलली नाही. मी ओळंबा लावला. दोरी आणि काठी एकमेकींना समांतर, तळापर्यंत.

"सरळ आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात ऊन गेलं. दगड एकदम मळका दिसायला लागला. "अरारारा," सगळं गाव एका तोंडानं म्हणालं. कुणीतरी ढगाला शिव्या दिल्या, चंदाबाईंनी त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी पुटपुटलं. मी घड्याळावरून नजर काढली नाही. एक मिनिट राहिलं असेल, तेव्हा पायाखालची जमीन परत उजळली.

सावली काठीच्या बुडाशी दोऱ्यासारखी उरली होती. दोरा आखूड झाला. नखाएवढा. मग तो नव्हता.

उंच काठी भर उन्हात उभी होती आणि तिला सावली नव्हती. क्षणभर सगळे आपापल्या पायाकडे पाहत होते. मग जो आरडाओरडा झाला तो औंढ्यापर्यंत गेला असेल. लेकरं उड्या मारत होती, गुरुजी काठीभोवती फिरत "बगा, बगा" एवढंच म्हणत होते, आणि आई मला विचारत होती, "गेली कुठं गं? खाली गेली का?"

"हा आमचा," चंदाबाई वाकून म्हणाल्या. चौकटीतल्या गोलावर त्यांचं बोट होतं. "आरसा हाय हा. आमच्या घागऱ्यावर टाकतो तसाच. आमचं बी कोनीतरी इथं बसलं व्हतं."

आबा गुडघ्यावर बसले होते. भोकाला अगदी लागून एक खूण होती. मी ती आधी पाहिली होती, पण त्यात मला काही कळलं नव्हतं. छोटं कडं आणि त्याच्या पोटात टिंब. घुंगरू. इतक्या जवळ खूण करायची तर उन्हाळ्यात एकच दिवस मिळतो, सावली नसलेला. तो दिवस ज्याच्या वाट्याला आला त्याची ती खूण.

"बापू," आबा म्हणाले. "हे बापूचं हाय. कुदळीच्या दांड्यावर, विळ्याच्या मुठीवर, समद्या अवजारावर हेच कोरायचे." त्यांनी टिंबावरून अंगठा फिरवला. "इथं शिकले, आन् मरेपर्यंत एक शबूद बोलले न्हाई."

"रागानं?" मी हळूच विचारलं.

"रागानं. का लाजेनं. आपल्या बापाची काठी अशी गेलेली पाहिली आन् तिच्यावरच शिकावं लागलं. कसं सांगनार लेकराला?"

काठीच्या दुसऱ्या बाजूला आता सावलीचा केस दिसायला लागला होता, पूर्वेकडे. आबा उठले. गुडघ्याची धूळ झटकली नाही. चंदाबाई पुढं आल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. गुरुजींनीही नाही. आबांनी एका हातानं काठी धरली होती.

"सांगतो," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"शाळेला दिवाणमास्तराचं नाव लावा. मानूस शिकवत व्हता, हे माझ्या बापानं सोताच्या हातानं दगडात लिवलंय, ते म्या खोडनार न्हाई. पन त्यानं माझ्या आज्याला इचारलं का न्हाई, हे आजून कोनाला माहीत न्हाई, आन् ते बी लेकरायला सांगायचं. दगड इथून हालनार न्हाई. काठी माझ्या घरात राहीन. दरसाल या दिवशी शाळेनं माझ्या दारात यायचं, आन् मागायची. मागितल्याबिगर न्यायची न्हाई."